नाशिक ते वणी, सात पावलं

"म्हसरूळ," सावळीराम म्हणाले आणि त्यांनी डावा पाय पुढे टाकला.

फरशीवरची खडूची खूण पायाखाली आली. मग उजवा पाय, "ढकांबे." पुन्हा डावा, "दिंडोरी." दिंडोरीला ते नेहमी जरा रेंगाळत, कारण गाडी तिथे पाच मिनिटं थांबायची. मालनबाई भिंतीला टेकून गप्प उभ्या होत्या. मध्ये बोललं की धागा तुटायचा आणि पुन्हा नाशिकहून निघावं लागायचं.

"वलखेड फाटा. अवनखेड. लखमापूर फाटा." सातव्या पावलाला ते डावीकडे वळले. "वणी." हात बरोबर बाथरूमच्या कडीवर पडला.

"छान," मालनबाई म्हणाल्या.

"छान काय त्यात? सव्वीस वर्षं कंडक्टर म्हणून हीच गाडी केली मी."

"मग आता परत या."

"परतीची गाडी साडेचारला हाय," ते म्हणाले आणि मिशीत हसले. अशा वेळी ते खरंच चुकलेले असत की थट्टा करत असत, हे मालनबाईंना अडीच वर्षांनंतरही ओळखता येत नसे.

इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाउसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या अंगाला एक खोली होती, ती महेश आणि तेजस्विनीची, आणि मागे एक लांबलचक हॉल, तो बाकी सगळ्यांचा. हॉलच्या एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला बाथरूम. मधे या दोघांचा पलंग, खिडकीखाली नातीचं, गौतमीचं, टेबल, आणि कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून तेजस्विनीनं केलेलं ऑफिस. बाथरूमला जायचं तर प्रत्येकाला सगळ्यांच्या मधूनच जावं लागे. तेजस्विनी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करायची. मागून कुकरची शिट्टी झाली की ती लॅपटॉपसमोर ओशाळून हसायची. महेश सिन्नरच्या कारखान्यात, पाळ्यांमध्ये; रात्रपाळी करून आला की डोळ्यांवर रुमाल बांधून झोपायचा. गौतमी पंधराची झाली होती आणि कपडे बदलायला जिन्याखालच्या मोरीत जायची. कोणाचीही मागणी खोटी नव्हती. म्हणून दिवाळीनंतर महेशनं वरच्या हॉलच्या भिंती घालायचं काढलं, तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं.

मालनबाईंना भीती वाटली, ती त्यांनी बोलून दाखवली नाही.

सावळीरामांना हा हॉल डोळ्यांनी आठवत नव्हता, पायांनी आठवत होता. नातीचं नाव त्यांच्या तोंडी कधी यायचं, कधी नाही. पण उजवीकडे पलंग सोडला की टेबलाचा कोपरा, मग चादर, मग बाथरूम, हे चुकत नव्हतं. ही वाट होती तोवर ते घरातले एक वयस्कर, जरासे विसराळू आजोबा होते. वाट बदलली की ते काय होतील, हे मालनबाईंना दिसत होतं.

घरात कोणालाही त्यांनी सांगितलेलं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी, एका दुपारी, सावळीराम दूध आणायला म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. मालनबाईंना ते हायवेच्या बोगद्याजवळ सापडले. खांद्याला रिकामी पिशवी, रस्त्याच्या कडेला ताठ उभे, गाडीची वाट पाहत. घरी येताना रिक्षात त्यांचं डोकं अचानक स्वच्छ झालं. म्हणाले, "पोराला नको सांगू. पाहुण्याकडं बघावं तसं बघंल ते माझ्याकडं." बस, एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही आणि मालनबाईंनीही नाही. त्यांनी रक्तदाबाच्या निमित्तानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या आणल्या आणि त्या जीवनसत्त्वाच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. एकतीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून मालनबाईंनी हजारो बाटल्यांना, खोक्यांना, तारांच्या गुंडाळ्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. चुकीची चिठ्ठी असलेली ही पहिलीच बाटली.

महेशचा पहिला बेत वेगळा होता. आई-बाबांनी खालच्या हॉलमध्ये यावं, म्हणजे जिना चढायला नको आणि वर तीन खोल्या प्रशस्त होतील. मालनबाईंनी नाही म्हटलं. त्यानं कारण विचारलं तेव्हा खाली डास फार असतात असं काहीतरी त्या बोलल्या. खालच्या हॉलचं दार थेट रस्त्यावर उघडतं, हे कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. महेश बायकोजवळ म्हणाला, आई वयानुसार हट्टी होत चालली आहे. ते मालनबाईंच्या कानावर आलं आणि त्यांनी ते राहू दिलं.

उलट त्यांनी आराखडा करायचं काम स्वतःकडे घेतलं. जुन्या आलेख-कागदाचा गठ्ठा त्यांच्याकडे होताच. एका चौकटीला सहा इंच, असं धरून त्यांनी टोकदार पेन्सिलीनं मजला मांडला. मधून एक बोळ. बोळाच्या उजव्या हाताला गौतमीची खोली. डाव्या हाताला तेजस्विनीचं ऑफिस आणि त्याला लागून बाथरूम, जिथे होतं तिथेच. आणि बोळाच्या अलीकडच्या टोकाला, जिन्याशेजारी, त्या दोघांची खोली, पलंग अगदी दाराशी. पलंगापासून बाथरूमपर्यंत सावळीरामांची सात पावलं. सगळा आराखडा त्या सात पावलांभोवती बेतलेला होता, पण बघणाऱ्याला तसं काही दिसत नव्हतं. तेजस्विनी कागद बघून म्हणाली, "आई, इंजिनियरनं पण इतकं नीट काढलं नसतं." तिचे डोळे भरून आले होते, आठ फूट बाय सात फुटांचं ऑफिस, स्वतःच्या दाराचं.

भिंती उभ्या राहायच्या आधी मालनबाईंनी पलंग नव्या जागेवर सरकवला, फरशीवर खडूनं भिंतींच्या रेघा ओढल्या आणि दुपारी घर रिकामं असताना सराव सुरू केला. थांब्यांची कल्पना सावळीरामांचीच. पहिल्या दिवशी ती खडूची खूण बघून ते आपणहून म्हणाले होते, "हे म्हसरूळ का?"

गवंड्याचं नाव मंगळू. पेठच्या बाजूचा, भाताची कापणी उरकून दरवर्षी कामाला शहरात उतरणारा. काम बघायला तो आला तेव्हा फरशीवरच्या रेघा आणि रेघांमधल्या सात खुणा त्यानं बराच वेळ न्याहाळल्या. सावळीराम पलंगावर बसून पुटपुटत होते.

"बाबा पावलं मोजतात का?" त्यानं हळूच विचारलं.

"व्यायाम," मालनबाई म्हणाल्या.

मंगळूनं मान हलवली. मग आलेख-कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "काकू, तुमची रेघ लय बारीक हाय. माझी भिंत प्लास्टरासकट साडेपाच इंच होणार."

"मी आतली मापं लिहिली आहेत. ऑफिस आतून आठ फूट म्हणजे आठ फूट. तेवढं सांभाळा."

"सांभाळतो. पण जाडी कुठून तरी जाईल ना."

"तुम्ही मापं सांभाळा," मालनबाई पुन्हा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तो जुना सूर होता, ज्यानं अकरावीची मुलं वर्नियर कॅलिपर टेबलावर अलगद ठेवायची. मंगळूनं कागद घडी करून खिशात ठेवला.

महिनाभर काम चाललं. गौतमीला घेऊन तेजस्विनी सिन्नरला माहेरी राहिली. महेशला तिथून कारखानाही जवळ, तो तिथूनच जाऊ-येऊ लागला. मालनबाई आणि सावळीराम दोघंच खालच्या हॉलमध्ये झोपत. मालनबाई बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली उशीखाली ठेवत. दिवसा त्या सावळीरामांच्या मागे मागे असत आणि मिस्त्री-मजुरांना वाटे, म्हाताऱ्याची बायको फार जीव लावते. रोज सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, खालच्या हॉलमध्येही सात पावलं चालायची. नाशिक म्हणजे सोफा, वणी म्हणजे टीव्ही. पावलं विसरली जाऊ नयेत, एवढाच हेतू.

मंगळूनं दिलेला शब्द पाळला. ऑफिस आतून आठ फूट भरलं, गौतमीची खोली कागदावर होती तेवढीच. भिंतींची जाडी, जी कागदावर कुठेच नव्हती, ती शेवटच्या खोलीतून गेली. बाथरूमपासून मोजत आलेल्या दोन भिंतींनी अकरा इंच खाल्ले आणि या दोघांची खोली तेवढी मागे रेटली गेली. सामान वर चढवायच्या दिवशी मालनबाईंचं लोखंडी कपाट पलंगाशेजारी ठेवलं तर त्याचं दार उघडेना. हमालांनी पलंग आणखी थोडा मागे, खिडकीकडे, ढकलला. मालनबाईंनी ते पाहिलं. काहीतरी खटकलं. टेप आणायला त्या वळल्या आणि तेवढ्यात खालून गॅसवाल्यानं हाक मारली.

त्यांना नंतर आठवलं ते एवढंच, की टेप खाली स्वयंपाकघरात फडताळावर होता आणि परत येताना त्यांनी तो हातात घेतला नव्हता.

सगळे जण खूश होते. गौतमीनं तिच्या दाराची नवी कडी चार वेळा लावून काढून पाहिली. तेजस्विनीनं ऑफिसात एक मनीप्लांट ठेवला आणि दुपारच्या मीटिंगला, वर्षात पहिल्यांदा, पाठीमागे चादर न टांगता बसली. सुतारानं हौसेनं चारही खोल्यांना आणि बाथरूमला पितळी कड्या बसवल्या होत्या, आतून. सावळीराम जेवून वर येऊन आडवे झाले. मालनबाई त्यांना झोप लागेपर्यंत पलंगावर बसल्या. ते किमान तासभर झोपत. संध्याकाळी उठले की नव्या बोळातून त्यांना घेऊन दोन-तीनदा चालायचं, असं ठरवून त्या भांडी लावायला खाली गेल्या.

वीस मिनिटं झाली असतील. वरून तेजस्विनीचा आवाज आला. किंकाळी म्हणावी असा नव्हता, अर्धवट तुटलेला. मग लॅपटॉप धाडकन मिटल्याचा आवाज. मग वरच्या मजल्यावर कुठलीतरी कडी लागली, खट्.

मालनबाई जिना चढून गेल्या तेव्हा बोळात तेजस्विनी भिंतीला चिकटून उभी होती. चेहरा पांढरा. ती नुसतीच ऑफिसच्या दाराकडे बोट दाखवत होती. आत, कोपऱ्यात मनीप्लांटसमोर, सावळीराम पाठमोरे उभे होते. पायजम्याची नाडी सुटलेली, पायजमा भिजलेला, नव्या फरशीवर ओघळ. गौतमीच्या खोलीचं दार बंद होतं. कडी तिनं लावली होती.

मालनबाईंनी आत जाऊन नाडी बांधली. खांद्यावरचा टॉवेल फरशीवर टाकला. सावळीराम त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत त्या वेळी अजिबात धुकं नव्हतं, हे सर्वांत वाईट होतं.

"सात झाले होते," ते म्हणाले. "मी मोजले. तू सातच म्हणाली होतीस ना?"

"हो."

"मी वणीलाच उतरलो, मालन."

मालनबाईंनी त्यांना खोलीत नेलं, धुतलं, कोरडे कपडे घातले. मग टेप आणून पलंगाच्या कडेपासून बोळात मोजत गेल्या. आराखड्यापेक्षा सतरा इंच जास्त. सावळीरामांचं एक पाऊल जेमतेम दीड फुटाचं. वणी तिथल्या तिथे होती. नाशिक मागे सरकलं होतं. सातव्या पावलाला डावीकडे जे दार येत होतं ते ऑफिसचं.

एकतीस वर्षं दर जूनमध्ये, नव्या मुलांपुढे उपकरणं मांडताना, त्या एकच गोष्ट सांगत आल्या होत्या. मोजायच्या आधी शून्य तपासा. शून्य जागेवर नसेल तर पुढचं सगळं माप चुकतं आणि ज्यानं प्रामाणिकपणे मोजलं त्यालाही वाटतं, आपलंच चुकलं. त्या बोळात बसून राहिल्या. टेप सर्रकन आपोआप गुंडाळला गेला आणि बोटाला चाटून गेला.

थोड्या वेळानं गौतमीचं दार उघडलं.  मोरीतून फडकं आणि फिनेल घेऊन ती आईच्या ऑफिसात गेली.

महेश संध्याकाळी आला तो थेट वर आला. तेजस्विनीनं फोनवर सांगितलं होतं. येताना तो हार्डवेअरच्या दुकानात थांबला होता; त्याच्या हातात खाकी कागदाची छोटी पुडी होती. ती त्यानं खिडकीत ठेवली. सावळीराम पलंगावर बसून पोहे खात होते. मुलाला बघून म्हणाले, "आज कोणती ड्युटी?"

"जनरल शिफ्ट होती, बाबा." महेश त्यांच्याकडे बघत राहिला. अगदी तसंच, पाहुण्याकडे बघावं तसं. मालनबाईंनी मान वळवली.

बोलणं ऑफिसात झालं, दार लावून. तेवढ्यासाठी ते दार उपयोगी पडलं.

"किती दिवस चाललंय हे?" महेशनं विचारलं.

"अडीच वर्षं."

तो खुर्चीत बसला. "अडीच वर्षं तू एकटी हे सांभाळतेस आणि आम्ही बाजूच्याच खोलीत झोपतोय. आम्ही काय भाडेकरू आहोत का, आई?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"त्यांना काय कळतंय?" तो म्हणाला आणि म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच लागलं.

"त्या दिवशी कळत होतं."

 तेजस्विनी सावकाश बोलायला लागली. मीटिंगमध्ये अकरा माणसं होती, कॅमेरा चालू होता, पण तिला वाईट वाटलं ते त्याचं नव्हतं. "बाबा आत आले, दार लोटलं आणि नाडीला हात घातला. आई, मला एक क्षण भलतंच वाटलं. बाबांच्याबद्दल. सोळा वर्षं मी त्यांच्यासमोर वावरतेय, आणि मला तसं वाटलं." तिनं डोळे पुसले. "तुम्ही सांगितलं असतं, तर ते कधी माझ्या मनात आलं नसतं."

 ज्या गोष्टीपासून नवऱ्याला वाचवायला मालनबाईंनी अडीच वर्षं घालवली, त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या गप्प राहण्यानंच त्याच्या वाट्याला आणली होती. हे त्यांनी मापलेलंच नव्हतं.

"चूक त्यांची नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "ते बरोबर मोजत होते. पलंग सतरा इंच मागे गेला, तो मी तपासला नाही."

महेशला ते समजलं नाही. त्याला वाटलं, आई बाबांना सांभाळून घेते आहे. त्यांनी सात पावलांचं सगळं सांगितलं. बोगदा, खडू, थांबे, दुपारचे सराव. ऐकताना त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पण तो म्हणाला ते ठरवून आलेलंच होतं. पुडीत कडी होती. आई-बाबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून लावायला. रात्री नाही, कायम नाही, फक्त आई खाली असेल तेव्हा. उद्या ते जिन्यावरून पडले तर? पुन्हा बोगद्यापर्यंत गेले तर? त्याचे प्रश्न बरोबर होते. हेच प्रश्न मालनबाई स्वतःला रोज विचारत.

"लाव," त्या म्हणाल्या. "पण बाहेरून लावायची तर मला आत ठेवून लाव."

"आई, असं काय बोलतेस?"

"रागानं नाही बोलत. आतून कसं वाटतं ते त्यांना सांगता येणार नाही. मला येईल. मी आठ दिवस बसते, मग ठरवू."

 बाहेर बोळात गौतमी उभी असावी. तिच्या पैंजणांचा आवाज येऊन थांबला होता. पलीकडच्या खोलीतून सावळीरामांची हाक आली, पोहे झाले, ताटली कुठे ठेवू. महेश उठला आणि ताटली घ्यायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळू उरलेलं काम करायला आला, बाथरूमचा उंबरा बसवायचा होता. मालनबाईंनी त्याला आधी खोलीत बोलावलं.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "जाडी माझ्या कागदावर नव्हती."

मंगळू अवघडला. "मी अजून एकदा बोलाया हवं होतं, काकू. माझी आय पण शेवटाला अशीच झाली होती. पण आमच्या घराला खोल्याच नव्हत्या, मग ती हरवंल कुठं?"

कपाट बाहेर काढल्याशिवाय पलंग पुढे येणार नव्हता. मालनबाईंचं ते कपाट लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेलं. त्यात त्यांच्या साड्या, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, कापसात गुंडाळलेला, काटा मोडलेला एक जुना गॅल्व्हॅनोमीटर. घरातली एवढीच जागा त्यांनी कधी कोणाबरोबर वाटून घेतलेली नव्हती. गौतमी म्हणाली, आजी, तुझं कपाट माझ्या खोलीत ठेव. मालनबाईंनी तिच्या खोलीकडे पाहिलं. टेबल, पलंग आणि मधे मावेल एवढीच ती पोर. "नको," त्या म्हणाल्या, "तुझी खोली तुझीच राहू दे." कपाट खालच्या हॉलमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी गेलं.

पलंग सतरा इंच पुढे आला, पार दाराच्या चौकटीपर्यंत. मालनबाईंनी तीनदा मोजलं. चौथ्यांदा गौतमीला मोजायला लावलं आणि स्वतः बघितलं नाही, फक्त आकडा ऐकला.

कामावर निघायच्या आधी महेश स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर आला. तो खिडकीतल्या पुडीकडे गेला नाही. बाथरूमच्या आतल्या कडीचे चार स्क्रू त्यानं काढले. बाबा आत अडकायला नकोत. मजल्यावरच्या सगळ्या दारांमध्ये जिथे कडी खरी हवी तिथली कडी अशी निघाली. ठरलं ते असं, की जो आत जाईल त्यानं बाहेरच्या मुठीला टॉवेल अडकवायचा. गौतमीनं नाक मुरडलं, मग जाऊन तिचा निळा टॉवेल वेगळा काढून ठेवला. पुडी खिडकीतच राहिली. ती कोणी उघडली नाही आणि कोणी दुकानात परतही नेली नाही.

साडेनऊला सगळे आपापल्या दारांआड गेले. महेश सिन्नरला. तेजस्विनीची मीटिंग सुरू झाली. आज ती हळू बोलत होती. बोळात फक्त नव्या रंगाचा वास होता.

"निघायचं?" मालनबाईंनी विचारलं.

सावळीराम पलंगावरून उठले. दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा टकटक केली, गाडी सोडायची घंटा. मालनबाई बाथरूमच्या दाराशी जाऊन थांबल्या.

"म्हसरूळ," ते म्हणाले. "ढकांबे." कालची भीती पायांत उरली होती, प्रत्येक पावलाआधी ते खाली बघत. दिंडोरीला थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले. मालनबाईंच्या ओठांवर वलखेड फाटा आला आणि त्यांनी तो गिळला. आतून तेजस्विनीचा आवाजही थांबला होता.

"वलखेड फाटा," सावळीराम म्हणाले.

अवनखेड. लखमापूर फाटा. ऑफिसचं दार आलं. त्या दारासमोर ते उभे राहिले, मुठीकडे बघत. मग पुढचं पाऊल टाकलं.

"वणी."

हात मुठीवर पडला. त्यांनी मालनबाईंकडे वर मान करून पाहिलं, त्या अजून वाटेत का उभ्या आहेत असं.

"तुम्ही उतरा आधी," ते म्हणाले.

मालनबाई बाजूला झाल्या. सावळीराम आत गेले, त्यांनी दार लोटून घेतलं आणि जिथे कडी होती तिथे त्यांचा हात थोडा वेळ चाचपडत राहिल्याचा आवाज आला. चार रिकाम्या भोकांवरून बोटं फिरली. मग काहीच नाही. आत ते तसेच, न हलता, उभे होते.

मालनबाईंनी मुठीला टॉवेल अडकवला. मग त्या वळल्या आणि दाराकडे पाठ करून, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. लाकूड किंचित हललं आणि घट्ट बसलं.

थोड्या वेळानं आत पाण्याचा आवाज सुरू झाला.